जुन्या लॅपटॉपला दोन मॉनिटर जोडताना: आधी चिप बघा, मग केबल घ्या

मी मुद्रितशोधन करते. डोंबिवलीत, घरीच, बाहेरच्या खोलीत खिडकीशी लावलेल्या टेबलावर. लेखकाच्या हस्तलिखिताचं स्कॅन एका बाजूला हवं, मांडणी झालेलं पान दुसऱ्या बाजूला हवं आणि शंका आली की शब्दकोश हाताशी हवा. चौदा इंचांच्या एका स्क्रीनवर हे तिन्ही मावत नाही. एक विंडो पुढे आणली की दुसरी मागे जाते, तेवढ्यात नजरेतून ओळ निसटते, आणि निसटलेल्या ओळीतली चूक पुस्तकात तशीच छापून येते. म्हणून मला एक नाही, दोन मॉनिटर हवे होते, आणि लॅपटॉपची स्वतःची स्क्रीनही चालू राहायला हवी होती.

लॅपटॉप आहे थिंकपॅड टी४३०. २०१२ सालचं मॉडेल, मी सेकंडहँड घेतलेला. कीबोर्ड उत्तम, रॅम १६ जीबी केलेली, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकलेली. माझ्या कामाला तो आजही पुरतो, त्यामुळे दोन मॉनिटर लावायचेत एवढ्यासाठी नवा लॅपटॉप घ्यायचं माझ्या मनात नव्हतं. तुमच्याकडेही असाच दहा-बारा वर्षांचा धडधाकट लॅपटॉप असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

सुरुवात मी चुकीच्या टोकाकडून केली. जवळच्या दुकानात गेले, गरज सांगितली. "ताई, हा व्हीजीए स्प्लिटर न्या, दोन काय, चार मॉनिटर लागतील." घरी येऊन जोडला. दोन्ही मॉनिटर लागले, पण दोन्हींवर एकच चित्र! स्प्लिटर एवढंच करतो: आलेला एक सिग्नल दोन ठिकाणी वाटतो. वर्गात किंवा सभागृहात एकच गोष्ट दोन पडद्यांवर दाखवायची असेल तर तो बरोबर आहे. प्रत्येक मॉनिटरवर वेगळं काही हवं असेल, तर त्याचा उपयोग शून्य. हे एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर माझे पैसे आणि एक संध्याकाळ वाचली असती, म्हणून ते इथे सगळ्यात आधी सांगते.

स्क्रीन किती चालणार हे केबल ठरवत नाही आणि पोर्टची, म्हणजे वायर लावायच्या खाचांची, संख्याही ठरवत नाही. ते लॅपटॉपमधली ग्राफिक्सची चिप ठरवते. माझ्या मते खरेदीला निघण्याआधी करायचं काम हे एकच आहे: आपल्या चिपची मर्यादा शोधणं.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये जा आणि सीपीयूचं, म्हणजे प्रोसेसरचं, पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या. माझं आहे इंटेल कोअर आय५-३३२०एम. आय३, आय५ किंवा आय७ नंतर जो चार आकडी क्रमांक येतो, त्यातला पहिला आकडा म्हणजे पिढी. माझा ३, म्हणजे तिसरी पिढी. क्रमांक तीनच आकडी असेल, उदाहरणार्थ आय५-५२०एम, तर ती पहिली पिढी.

पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे साधारण २०१० आणि २०११ च्या लॅपटॉपमध्ये इंटेलचं ग्राफिक्स एका वेळी दोनच स्क्रीन चालवतं. लॅपटॉपची स्क्रीन आणि एक मॉनिटर, किंवा झाकण बंद करून दोन मॉनिटर. तिसऱ्या पिढीपासून, म्हणजे २०१२ पासून, तीन स्क्रीन चालतात, पण एका अटीवर. चौथ्या पिढीत, २०१३ मध्ये, ती अट गेली. खात्री करायची असेल तर इंटेलच्या संकेतस्थळावर आपल्या प्रोसेसरचं पान उघडा. ग्राफिक्सच्या भागात किती डिस्प्ले चालतात तो आकडा दिलेला असतो. एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्येही पोर्ट पुष्कळदा इंटेलच्याच चिपला जोडलेली असतात, त्यामुळे 'माझ्यात ग्राफिक्स कार्ड आहे' एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

आता ती तिसऱ्या पिढीची अट. हिच्यामुळे मी आठवडाभर हैराण होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझ्या लॅपटॉपला चित्र बाहेर पाठवणारे दोन पोर्ट आहेत: एक व्हीजीए, एक मिनी डिस्प्लेपोर्ट. दोन मॉनिटर दोन पोर्टांना जोडले. एक लागला. दुसरा 'डिस्प्ले सेटिंग्ज'मध्ये दिसत होता, पण तो सुरू करायला गेलं की विंडोज नकार द्यायचं, नाहीतर पहिला बंद व्हायचा. केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, मॉनिटरांची अदलाबदल केली. काही फरक नाही. दोष कशातच नव्हता.

गंमत अशी आहे की या पिढीत तीन चित्रं तयार करायची सोय आहे, पण ती बाहेर पाठवताना ताल धरणारी घड्याळं दोनच आहेत. तीन गायक आणि दोन तबलजी, असं समजा. व्हीजीए, एचडीएमआय आणि डीव्हीआय हे गायक आपापल्या लयीत गातात. मॉनिटरच्या रिझोल्यूशनप्रमाणे, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांच्या संख्येप्रमाणे, प्रत्येकाची लय वेगळी, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र तबलजी लागतो. टी४३० सारख्या लॅपटॉपची आतली स्क्रीनही एक तबलजी अडवून ठेवते. डिस्प्लेपोर्टचं मात्र वेगळं आहे. तो ठरलेल्या लयीतच चालतो, मॉनिटर कोणताही असो, त्यामुळे दोन डिस्प्लेपोर्ट एका तबलजीवर भागवतात.

हिशेब लावा. आतली स्क्रीन एक, व्हीजीए दुसरा, दोन्ही तबलजी संपले. मिनी डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर ताटकळत उभा. पण आतली स्क्रीन बंद केली की व्हीजीए आणि मिनी डिस्प्लेपोर्ट दोन्ही सुखाने चालतात. आणि तिन्ही हवे असतील तर दोन्ही मॉनिटर डिस्प्लेपोर्टवरूनच न्यायला हवेत.

म्हणजे तुमच्यापुढे दोन वाटा आहेत.

पहिली बिनखर्चाची: झाकण बंद करून दोन मॉनिटर. बहुतेकांना एवढं पुरेल. कंट्रोल पॅनलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स' उघडा, झाकण बंद केल्यावर काय व्हावं हे विचारणारी ओळ डावीकडे असते. तिथे 'प्लग्ड इन'खाली 'डू नथिंग' निवडा. बॅटरीचा रकाना तसाच राहू द्या, नाहीतर कधीतरी चालू लॅपटॉप पिशवीत जाईल आणि आतल्या आत तापेल. बाहेरचा कीबोर्ड आणि माउस लागेल. टी४३० चं पॉवर बटण झाकणाच्या आत आहे, तेव्हा सुरू करताना झाकण उघडायचं आणि मग मिटायचं. गरम हवा डाव्या बाजूच्या जाळीतून बाहेर पडते, तिथे पुस्तकांची चळत ठेवू नका. माझ्याकडे नेमकी तीच होती.

दुसरी वाट डॉकची, म्हणजे लॅपटॉप ज्यावर बसवायचा त्या पोर्टवाल्या बैठकीची. मला तिन्ही स्क्रीन हव्याच होत्या, म्हणून मी ती धरली. त्या काळातल्या व्यवसायासाठीच्या लॅपटॉपना, म्हणजे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक यांना, खालच्या बाजूला डॉकचा सॉकेट असायचा. लॅपटॉप वरून ठेवून दाबला की एका झटक्यात सगळ्या वायरी जोडल्या जातात. टी४३० ला चालणारा मिनी डॉक प्लस सिरीज ३ मला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुन्या मालात मिळाला. त्याला दोन डिस्प्लेपोर्ट आहेत, आणि मला नेमके तेच हवे होते. नुसता 'मिनी डॉक' आणि 'मिनी डॉक प्लस' दिसायला जवळजवळ सारखे असतात, साध्यात डिस्प्लेपोर्ट एकच. उलटा करून पोर्ट मोजूनच पैसे द्या. त्याचा चार्जर सोबत आहे ना, तेही बघा.

डॉकला डीव्हीआय पोर्टही आहेत. माझ्या एका मॉनिटरला डीव्हीआय आहेच, म्हणून मी तो सरळ तिथे लावला, आणि पुन्हा तेच: दोन लागले, तिसरा बंद. तबलजीचा हिशेब विसरले होते. डॉकवरचा डीव्हीआयदेखील स्वतंत्र लयीतलाच गायक. मॉनिटर डीव्हीआयचा असला तरी वायर डिस्प्लेपोर्टमधूनच निघायला हवी आणि मध्ये रूपांतर करणारा अडॅप्टर हवा.

इथे अडॅप्टरचे दोन प्रकार कळणं फार महत्त्वाचं आहे. स्वस्तातला असतो तो पॅसिव्ह. त्यात रूपांतर करणारी चिप नसते. तो लॅपटॉपलाच सांगतो, 'तू आता डिस्प्लेपोर्ट राहू नकोस, एचडीएमआयसारखा बोल.' लॅपटॉप ऐकतो, आणि लगेच त्याला स्वतंत्र तबलजी लागतो. ॲक्टिव्ह अडॅप्टरच्या पोटात चिप असते. लॅपटॉप शेवटपर्यंत डिस्प्लेपोर्टच बोलत राहतो, पुढचं रूपांतर अडॅप्टर करतो. दिसायला दोन्ही सारखे, पण ॲक्टिव्ह महाग असतो. खोक्यावर 'ॲक्टिव्ह' छापलेलं बघा. जुन्या मालावर 'आयफिनिटी'साठी चालेल असं लिहिलेलं असेल तरी तो ॲक्टिव्हच समजा, कारण एएमडीच्या त्या सोयीलाही ॲक्टिव्ह अडॅप्टरच लागायचे. चौथ्या पिढीपासून पुढचा लॅपटॉप असेल तर ही भानगड नाही, पॅसिव्हवर भागतं.

आणि वायरींना दिशा असते हे विसरू नका. 'डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय' अशी केबल घेतली तर लॅपटॉपच्या बाजूला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरच्या बाजूला एचडीएमआय, असंच चालतं. लॅपटॉपला एचडीएमआय आहे आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट, म्हणून तीच केबल उलटी लावली तर काहीच दिसणार नाही. त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर येतो, आणि त्याला बहुधा यूएसबीची वीज द्यावी लागते. दुकानात 'इकडून तिकडे' असं स्पष्ट बोट दाखवून सांगा.

आता व्हीजीएबद्दल, मुद्रितशोधकाच्या डोळ्यांनी. व्हीजीए १९८७ पासूनचं आहे आणि ॲनालॉग आहे. लॅपटॉपमधलं नेमकं चित्र लहरींमध्ये बदलतं आणि मॉनिटर त्या लहरींवरून ठिपके पुन्हा अंदाजाने बसवतो. इंग्रजी मजकुरात ते फारसं जाणवत नाही. देवनागरीत जाणवतं. नऊ-दहा पॉइंटाच्या मजकुरात अनुस्वार मात्रेला चिकटतो, 'ध' आणि 'घ' यांच्यातला फरक पुसट होतो, र्‍हस्व-दीर्घ उकाराला दोनदा बघावं लागतं. एका पुस्तकात माझ्याकडून 'मंदिर'वरचा अनुस्वार सुटला, आणि त्या दिवशी मी व्हीजीएवर काम करत होते. मी पुरावा देऊ शकत नाही, पण तेव्हापासून मजकूर वाचायचा मॉनिटर मी व्हीजीएवर ठेवत नाही. तुम्हाला ठेवावा लागलाच तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा. दाबताना स्क्रीनवर पांढरं, मजकुराने भरलेलं पान उघडं ठेवा, म्हणजे त्याला कडा नीट सापडतात. केबल आखूड आणि जाड घ्या, दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळा. आणि रिझोल्यूशन मॉनिटरचं मूळचंच ठेवा.

एचडीएमआय आणि डीव्हीआय दोन्ही डिजिटल, वाचायला दोन्ही स्वच्छ. मात्र तिसऱ्या पिढीच्या इंटेलमधून एचडीएमआयने १९२०×१२०० पर्यंतच भरवसा धरा. २५६०×१४४० चा मॉनिटर घ्यायचा विचार असेल तर तो डिस्प्लेपोर्टवरच लावा. मोठ्या डिस्प्लेपोर्टच्या पिनेला खटका असतो, तो दाबूनच ओढा. मिनीला खटका नसतो, ती टेबल हललं तरी सैल होते. मॉनिटर मध्येच काळा होऊन परत येत असेल तर आधी ती पिन तपासा.

डॉकची सोय नसलेले लॅपटॉप खूप आहेत, आणि त्यांच्यासाठी यूएसबीची वाट आहे. इथे दुकानात फसगत होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. यूएसबीमधून नुसत्या वायरीने चित्र जात नाही. १९२०×१०८० चं चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर दर सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट माहिती होते. यूएसबी २.० चा वेग ०.४८ गिगाबिट, ३.० चा ५. ओझं हलकं व्हावं म्हणून लॅपटॉपमधला प्रोसेसर आधी चित्र दाबून लहान करतो, ते यूएसबीतून जातं आणि अडॅप्टरमधली चिप ते पुन्हा उलगडते. या कामात सगळ्यात मुरलेली चिप डिस्प्लेलिंकची. ही मूळची केंब्रिजची कंपनी, २०२० पासून सिनॅप्टिक्सकडे आहे. अडॅप्टर घेताना 'यात डिस्प्लेलिंक आहे का' एवढंच विचारा. फार स्वस्त अडॅप्टरांत दुसऱ्या चिपा असतात आणि त्यांचे ड्रायव्हर पुढे मिळतीलच असं नाही.

डिस्प्लेलिंक निळ्या जिभेच्या यूएसबी पोर्टात लावा, तोच ३.०. विंडोज १० ड्रायव्हर बहुधा आपोआप आणतं. पीडीएफ, वर्ड, मेल, टॅली यांना काही अडचण येत नाही. व्हिडिओ लावला की पंखा जोरात फिरू लागतो आणि चित्र अडखळतं, कारण सगळा भार प्रोसेसरवर असतो. ओटीटीवरचे सिनेमे त्या स्क्रीनवर काळे दिसू शकतात, तो चोरीविरोधी कुलपाचा परिणाम आहे, बिघाड नाही. माझ्या भाचीच्या लॅपटॉपला फक्त एक एचडीएमआय आहे. तिच्याकडे एक मॉनिटर एचडीएमआयवर आणि दुसरा डिस्प्लेलिंकवर लावून दिला. हलणाऱ्या गोष्टी पहिल्यावर, स्थिर गोष्टी दुसऱ्यावर, हा नियम पाळला की तिला तक्रार नाही. टाइप-सी पोर्ट असेल तर तो चित्र पाठवतो का हे त्याच्या शेजारच्या खुणेवरून किंवा कंपनीच्या माहितीपानावरून बघून घ्या, सगळे पाठवत नाहीत.

जोडणी झाली की विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा, 'एक्स्टेंड' निवडा. मग डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'डिस्प्ले सेटिंग्ज'. तिथे क्रमांकांचे चौकोन दिसतील. 'आयडेंटिफाय' दाबल्यावर प्रत्येक मॉनिटरवर त्याचा क्रमांक येतो. टेबलावर मॉनिटर ज्या क्रमाने आणि ज्या उंचीला आहेत, तसेच चौकोन ओढून बसवा. उंचीसुद्धा. नाहीतर माउस एका मॉनिटरच्या कडेला अडतो आणि तुम्ही त्याला शोधत बसता. जिथे जास्त वेळ बघता त्याला मुख्य डिस्प्ले करा.

माझा एक मॉनिटर उभा आहे, आणि पुस्तकाचं काम करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन. डेलचा यू२४१२एम, २४ इंच, १९२०×१२००. आयटी कंपन्यांमधून निघालेले असे मॉनिटर जुन्या बाजारात येतात. त्याचा स्टँड पूर्ण वर ओढून मॉनिटर फिरवायचा, सेटिंग्जमध्ये 'ओरिएंटेशन' 'पोर्ट्रेट' करायचं. डेमी आकाराचं पान अख्खं दिसतं, वर-खाली सरकवावं लागत नाही. उभा करायचा मॉनिटर आयपीएस पॅनेलचाच हवा. टीएन पॅनेल उभं केलं तर डाव्या आणि उजव्या डोळ्याला वेगळा उजेड दिसतो, आणि तासाभरात डोकं चढतं. उभ्या स्क्रीनवर अक्षरांच्या कडेला रंगाची झाक दिसली तर स्टार्टमध्ये 'क्लिअरटाइप' टाइप करा आणि त्या मॉनिटरपुरती मांडणी पुन्हा करा. अक्षरांच्या कडा गुळगुळीत दाखवणारी ही विंडोजची सोय आडव्या स्क्रीनच्या हिशेबाने बनलेली आहे, तेव्हा नाहीच जमलं तर ती बंद करून बघा. मला बंदच बरी वाटली.

विजेचं एक. आमच्याकडे वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि मॉनिटर विझतात. डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर विझला की विंडोजला वाटतं तो काढून टाकला, आणि सगळ्या विंडो लॅपटॉपच्या स्क्रीनवर येऊन पडतात. वीज आल्यावर पुन्हा लावत बसावं लागतं. मी दोन्ही मॉनिटर आणि डॉक एकाच इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घेतले तेव्हा हा त्रास थांबला. सगळं एकाच बोर्डवर, अर्थिंगसह, असावं. वेगवेगळ्या पॉइंटवर असताना माझ्या व्हीजीएच्या मॉनिटरवर पुसट आडव्या पट्ट्या सरकत असायच्या, त्याही गेल्या.

जुना मॉनिटर घ्यायला जाताना मी पेनड्राइव्हवर एक पीडीएफ नेते. एक पान पूर्ण पांढरं, एक पूर्ण काळं, आणि एक बारीक टायपातलं मराठी, त्यात 'राष्ट्र', 'उद्ध्वस्त', 'कर्‍हाड' असे शब्द. पांढऱ्यावर पिवळट कडा, डाग आणि मेलेले ठिपके दिसतात, काळ्यावर सतत पेटलेले राहणारे ठिपके आणि कोपऱ्यांतून गळणारा उजेड. तिसरं पान उभं राहून आणि बसून, दोन्हीकडून वाचायचं. बटणं एकेक दाबून बघायची. जो पोर्ट आपण वापरणार आहोत तोच लावून बघायचा. दुकानदार व्हीजीएवर दाखवतो आणि घरी आल्यावर डिस्प्लेपोर्ट मेलेला निघतो, असं माझ्या बाबतीत एकदा झालंय. म्हणून आता आपली केबलही पिशवीत नेते. प्रत्येक केबलला कागदी टेप गुंडाळून त्यावर पेनने लिहिलंय: 'उभा, डॉक १', 'आडवा, डॉक २, ॲक्टिव्ह'.